डोळ्यानं गाती का काय गं?

माझी धाकटी बहीण सध्या मोबाईलकडून गाणं शिकते. आमचं गाव तुळजापूर तालुक्यात. गावात गाण्याचा क्लास नाही आणि रोज धाराशिवला जायचं तर एसटीच्या वेळा जुळत नाहीत. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा द्यायचं तिच्या मनात आहे, म्हणून सुट्टीत मीच तिला एक ॲप टाकून दिलं. सूर लावला की स्क्रीनवर रेघ सरकते. बरोबर असेल तर हिरवी, चुकला तर लाल, शेवटी मार्क! महिन्याभरात पोरगी नव्वदच्या पुढे. मी खूश.

मग एकादशीला ती भजनाला बसली. पेटीवाल्या काकांनी वेगळी पट्टी धरली आणि बाईसाहेबांना 'सा'च सापडेना! घरी आल्यावर आबा एवढंच म्हणाले, "डोळ्यानं गाती का काय गं?"

कंट्रोल सिस्टिम शिकलेल्यांना आबांचा मुद्दा लगेच कळेल. ॲप माइकमधून आवाज घेतं, कंपनसंख्या काढतं, ठरलेल्या आकड्याशी ताडून फरक दाखवतं. लूप झकास आहे. पण त्यातला सेन्सर तिचा कान असायला हवा होता, तिथे मोबाईल बसला. तो काढला की लूप तुटला. आमचा गोंधळी तुणतुण्याची एकुलती एक तार पिळून सुरात आणतो, ती कुठली रेघ बघून?

शिवाय तो 'ठरलेला आकडा' कुणाचा? सा 240 धरला तर तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार 300 चा. पेटीच्या बारा समान भागांच्या सप्तकात तोच 302.4 च्या आसपास. भैरवातला आंदोलित रिषभ तर एका रेघेवर बसतच नाही.

यंत्र नकोच, असं मी म्हणत नाही. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली, ती उठायला 1971 उजाडलं. आज पेटीशिवाय आमच्याकडे भजन होतं का? दहा थाट, तालांच्या मात्रा, हे पाठांतर ॲपवर मस्तच होतं. फक्त गाताना रेघ दाखवू नका. आधी गाऊ द्या, कुठं चुकलं ते तिलाच विचारा, मग दाखवा. रोज पट्टी बदला. दरवर्षी तोच लायब्ररी मॅनेजमेंटचा प्रोजेक्ट करणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं की!

तोवर मी तिला गाताना मोबाईल पालथा ठेवायला लावलाय. मार्क बरेच उतरलेत. परवा मात्र मध्येच थांबून म्हणाली, "दादा, रे चढला ना?" मोबाईल उलटून बघितला. चढलाच होता.