नखभर कलेची बाजू

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात रांगोळीची स्पर्धा असते, मेंदीची असते, पुष्परचनेचीही असते. त्यांना बक्षिसे मिळतात आणि अहवालात 'कला' म्हणून त्यांची नोंद होते. पण एखाद्या मुलीने घरी बसून स्वतःच्या नखांवर पाच ठिपक्यांचे फूल काढले, की तो मात्र नट्टापट्टा! "त्यापेक्षा चार पाने वाचली असती तर?" हा प्रश्न आम्हा मुलींपैकी बहुतेकींनी कधी ना कधी ऐकलेला आहे. ठिपके तेच, फूल तेच. मग जमिनीवर ती कला आणि नखावर तो चाळा, हा न्याय कुठला?

आपल्या पूर्वजांनी असा भेद केला नव्हता. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत तांदूळ व फुले यांच्या आकृती मांडणे ही जशी एक कला आहे, तशीच दात, वस्त्रे व अंग रंगवणे हीही एक कला आहे. दोघी एकाच पंगतीला बसलेल्या! मेंदी हाताबरोबर नखांवरही चढते; तळहात फिका पडला तरी नखावरची मेंदी टिकते आणि नख वाढेल तशी पुढे सरकते. तेरड्याला हिंदीत गुलमेंदी म्हणतात ते उगीच नव्हे. कोरियात तेरड्याच्या पाकळ्या वाटून नखांवर बांधण्याची जुनी रीत आहे, आणि पहिला बर्फ पडेपर्यंत तो रंग राहिला तर पहिले प्रेम सफल होते, अशी समजूत आहे. बाटलीतले नेलपॉलिश आले विसाव्या शतकात. हौस त्याच्या कितीतरी आधीची.

बरे, हे काम वाटते तितके सोपे नाही. नख म्हणजे जेमतेम सेंटिमीटरभर रुंदीची जागा. पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरात टाचणीचे टोक खोचावे. तिचे गोल डोके हीच आपली लेखणी. आधी रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. नेलपॉलिश म्हणजे द्रावकात विरघळवलेले नायट्रोसेल्युलोज. द्रावक उडून गेला की पापुद्रा उरतो. थर जाड दिला तर वरून सुकतो, आत ओलाच राहतो आणि पहिल्याच धक्क्याला सुरकुततो. मग मधल्या पिवळ्या ठिपक्याभोवती पाच पांढरे ठिपके. प्रत्येक पाकळीसाठी टाचणी नव्याने बुडवावी, नाहीतर पाकळ्या लहान लहान होत जातात. ठिपके पुरते सुकल्यावरच वरून पारदर्शक हात फिरवावा. घाई केली की फूल फरफटते. आणि खरी परीक्षा पुढेच आहे: उजव्या हाताची नखे डाव्या हाताने रंगवायची! ज्यांना हा चाळा वाटतो, त्यांनी एकदा हे करून पाहावे.

कोणी म्हणेल, आज शहरांतून नखांची वेगळी दुकाने निघाली आहेत. तिथे लांबलचक कृत्रिम नखे चिकटवतात, दिव्याखाली रंग वाळवतात आणि भरपूर पैसे घेतात. त्यावर टीका जरूर करावी. ती नखे घेऊन कणीक मळता येत नाही. पण म्हणूनच तर घरच्या फुलाची बाजू मला घ्यावीशी वाटते. त्याला तीन-चार बाटल्या आणि एक टाचणी पुरते. आणि ते आखूड, झिजलेल्या, कामाच्या हाताच्या नखावरही तितकेच शोभते.

गेल्या दिवाळीत मी आईची नखे रंगवायला बसले. भाजी चिरून तिच्या बोटांना बारीक चिरा पडलेल्या. "मला कशाला गं? तेरड्याचा रंग तीन दिवस," ती म्हणाली. पण अंगणातली रांगोळी तरी कुठे टिकते? ती दुसऱ्या दिवशी पुसली जाते, म्हणून कोणी काढायची सोडत नाही. अखेर आई बसली. ओले नेलपॉलिश पेट घेते, त्यामुळे गॅसजवळ जायची सोय नाही. भांड्यांना हात लावला तर फूल पुसणार. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तेव्हा बाबा उठले. मागाहून चहाही त्यांनीच केला. आई दोन्ही हात पुढे धरून अर्धा तास नुसती बसून होती, आणि त्या अर्ध्या तासात "जरा हे दे गं" असे तिला कोणीही म्हटले नाही.

ज्या कलेमुळे घरातल्या बाईला अर्धा तास हक्काने स्वस्थ बसता येते, तिला क्षुल्लक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून स्नेहसंमेलनाच्या चिटणीसांना माझी एक सूचना आहे. पुढच्या वर्षी या कलेचीही स्पर्धा ठेवावी आणि ती मुलांनाही खुली असावी. अट एकच: स्पर्धकाने स्वतःची नखे रंगवायची नाहीत, आपल्या घरी जिचे हात सर्वांत जास्त राबतात, तिला सोबत आणून तिची रंगवायची.