लेखकाचें दर्शन आणि लेखकाचें देणें

एका संपादकस्नेह्यांचें पत्र मध्यंतरीं मला आलें. अॅलन मूर हे इंग्रज चित्रकथाकार व अद्भुत कादंबरीकार सध्यां कोणत्या लेखनांत गुंतले आहेत, आणि नजीकच्या काळांत कोणकोणत्या सभा-संमेलनांतून वाचकांस भेटणार आहेत, याविषयीं दोन पानांचें टिपण मीं पाठवावें, अशी त्यांची सूचना होती. "हल्लींच्या तरुण वाचकांस असें कांहीं हवें असतें," अशी पुस्तीही त्यांनीं जोडली होती. टिपण मीं पाठविलें नाहीं. त्याऐवजीं हा लेख लिहीत आहें. कारण त्या सूचनेंत वाङ्मयाविषयींची जी समजूत गृहीत धरली आहे ती मला चुकीची वाटते, आणि चुकीची असून निरुपद्रवी आहे असेंही म्हणवत नाहीं.

सूचनेच्या उत्तरार्धाचें उत्तर थोडक्यांत देतां येतें. मूर यांची गांठ पडण्याचें ठिकाण म्हणजे त्यांचें पुस्तक. १९८५ सालीं ते अमेरिकेंत सॅन डिएगो येथील चित्रकथांच्या संमेलनास गेले होते. पुढें इंग्लंडांतील संमेलनांतूनही चाहत्यांचा गराडा असह्य होऊं लागला, तेव्हां त्यांनीं ही वाट जवळजवळ सोडून दिली आणि ज्या नॉर्थॅम्प्टन गांवीं १९५३ सालीं त्यांचा जन्म झाला त्याच गांवीं ते लिहीत बसले. पूर्वार्धाचें उत्तर थोडें लांब आहे. २०१९ नंतर त्यांनीं चित्रकथालेखनाचा निरोप घेतला. त्यापूर्वींच, २०१६ सालीं, 'जेरुसलेम' ही बाराशेंहून अधिक पानांची कादंबरी त्यांनीं आपल्या गांवच्या एका दरिद्री वस्तीवर लिहिली होती. २०२२ सालीं 'इल्युमिनेशन्स' हा कथासंग्रह आला. त्यांतील सर्वांत दीर्घ कथा अमेरिकन चित्रकथांच्या धंद्यावरील एक जळजळीत उपहास आहे. २०२४ सालीं 'द ग्रेट व्हेन' ही पांच कादंबऱ्यांच्या संकल्पित मालेंतील पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली.

या शेवटच्या पुस्तकाविषयीं थोडें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. काळ १९४९ चा. युद्धानें मोडून टाकलेलें लंडन शहर. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत राबणारा अठरा वर्षांचा एक पोर. त्याच्या हातीं एक असें पुस्तक येतें कीं जें अस्तित्वांत असणेंच शक्य नाहीं. कारण तें आर्थर मॅकेन या लेखकानें आपल्या एका गोष्टींत केवळ कल्पनेनें निर्माण केलेलें आहे. पुस्तक आलें आहे तें दृश्य लंडनच्या पाठीमागें असलेल्या दुसऱ्याच एका लंडनांतून, आणि तें परत केलें नाहीं तर धडगत नाहीं. कल्पना किती सुंदर आहे पाहा! विस्ताराविषयीं मात्र माझी तक्रार आहे. मूर यांना उपमांचा सोस फार. एका ओळींत तीन मावत असतील तर ते चार घालतात, आणि मधलीं कांहीं पानें वाचतांना वाचकाला दमून खिडकीबाहेर पाहावें लागतें. तरीही 'मुक्तामाला' आणि 'मंजुघोषा' यांसारख्या कादंबऱ्या ज्या भाषेंत आरंभींच्या काळांत लिहिल्या गेल्या, त्या भाषेच्या वाचकाला अद्भुताचें वावडें असण्याचें कारण नाहीं. अद्भुत म्हणजे पोरखेळ, ही समजूत आमच्याकडे मागाहून आली, आणि ती आणण्यांत आम्हां इंग्रजी शिकलेल्यांचा हात मोठा आहे.

असो. आतां मूळ मुद्द्याकडे येतों. माझ्या वर्गांत एक हुशार मुलगा आहे. मूर यांचें 'वॉचमेन' त्यानें वाचलें आहे असें तो सांगतो. त्या पुस्तकाविषयीं मीं त्याला दोन-तीन प्रश्न विचारले. उत्तरें यथातथाच होतीं. पण "सर, ते इकडे कधीं येणार?" हा प्रश्न विचारतांना त्याचा चेहरा असा कांहीं उजळला कीं मला त्याचा राग येईना. त्याचा दोष नाहीं. पुस्तकापेक्षां पुस्तक लिहिणाराचें दर्शन मोठें, आणि लिहिलेल्या पुस्तकापेक्षां न लिहिलेलें अधिक मोलाचें, असेंच आम्ही त्याला शिकविलें आहे. "नवीन काय?" हा प्रश्न घेऊन लेखकाच्या दारांत उभा राहणारा मनुष्य वाचक नव्हे, गिऱ्हाईक होय, आणि तेंही मालाच्या यादीवर समाधान मानणारें गिऱ्हाईक. पंढरीचा वारकरी दर्शनाला जातो तेव्हां त्याच्या ओठांवर अभंग असतात. आमचा हा वारकरी रिकाम्या ओठांनीं जातो आणि सहीचा कागद घेऊन येतो.

सॅन डिएगोचें तें संमेलन १९७० सालीं एका हॉटेलांत सुमारें तीनशें माणसांनीं सुरू केलें. आज तेथें लाखाच्या वर लोक जमतात. आमच्याकडे २०११ सालीं दिल्लीस तसलें पहिलें संमेलन भरलें, आणि मुंबईकरांनाही आतां त्याची संवय झाली आहे. तरुणांनीं एकत्र जमावें, आवडत्या पात्रांचे वेष घालून मिरवावें, यांत मला कांहींच वाईट दिसत नाहीं; शिमग्याची सोंगें पाहत वाढलेल्या माणसानें त्याला नाक मुरडूंही नये. माझा आक्षेप दुसराच आहे. या दर्शनाच्या बाजारामागें चित्रकथांच्या धंद्याचा जो इतिहास आहे, तो त्या मंडपांत कोणी सांगत नाहीं.

'सुपरमॅन' हें पात्र जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन पोरसवदा अमेरिकनांनीं निर्माण केलें. १९३८ सालीं त्याचे सर्व हक्क त्यांनीं १३० डॉलरांस विकले. त्या पात्रानें पुढें किती संपत्ति निर्माण केली याचा हिशेब करणें मला शक्य नाहीं. पण निर्माते मात्र उतारवयांत विपन्नावस्थेला पोंचले होते. बराच गाजावाजा झाल्यावर १९७५ सालीं कंपनीनें त्यांना वर्षाकांठीं २०,००० डॉलरांचा तनखा दिला आणि त्यांचीं नांवें पुन्हां छापण्याचें मान्य केलें. याच्या पुढची गोष्ट ऐका. ज्या धनादेशानें ते १३० डॉलर दिले गेले, तो कागद २०१२ सालीं लिलांवांत १,६०,००० डॉलरांस विकला गेला! 'बॅटमॅन'चा सहनिर्माता बिल फिंगर याची कथा याहून करुण आहे. तो १९७४ सालीं वारला, आणि अधिकृत श्रेयनामावलींत त्याचें नांव झळकावयास २०१५ साल उजाडावें लागलें.

मूर यांचें प्रकरण इतकें ढोबळ नाहीं, म्हणूनच तें अधिक बोधक आहे. 'वॉचमेन' १९८६-८७ सालीं बारा अंकांत निघालें. चित्रें डेव्ह गिबन्स यांचीं. पुस्तकाची छपाई बंद होऊन ठराविक मुदत लोटली कीं सर्व हक्क लेखक व चित्रकार यांजकडे परत यावेत, असें त्या करारांत कलम होतें. तत्कालीन रिवाज पाहतां तें उदार भासावें. त्या काळीं चित्रकथेचा अंक महिनाभर दुकानांत राहावयाचा आणि मग रद्दींत जावयाचा. एक-दोन वर्षांत हक्क घरीं येणार, अशी अपेक्षा बाळगण्यांत भोळेपणा नव्हता. परंतु पुस्तकरूपानें तें इतकें खपलें कीं छपाई कधीं थांबलीच नाहीं. करार कोणीं मोडला नाहीं. तो अक्षरशः पाळून त्याचा हेतु तेवढा मोडला. मग २००९ सालीं चित्रपट आला, २०१२ सालीं इतर लेखकांकडून पूर्वकथा लिहवून घेण्यांत आल्या, २०१९ सालीं दूरचित्रवाणीवर मालिका आली. मूर यांनीं चित्रपटांवरून आपलें नांव काढावयास लावलें आणि आपल्या वांट्याचा पैसा चित्रकार सहकाऱ्यांकडे वळविला. 'व्ही फॉर व्हेंडेटा'साठीं डेव्हिड लॉइड यांनीं रेखाटलेला गाय फॉक्सचा तो हंसरा मुखवटा तर जगभर धनसत्तेविरुद्ध निदर्शनें करणारांनीं तोंडावर चढविला. आणि त्या मुखवट्याच्या अधिकृत विक्रीवरचें शुल्क चित्रपट काढणाऱ्या कंपनीच्याच पेटींत पडत राहिलें.

आतां दर्शनाचा आणि या इतिहासाचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध अगदीं जवळचा आहे. पानाच्या हिशेबानें एकदां मजुरी घेऊन ज्याचे सर्व हक्क गेले, त्या वृद्ध चित्रकाराला संमेलनांत मेज मांडून, आपल्याच पात्राचीं चित्रें हातानें काढून विकल्यावांचून गत्यंतर नसतें. आपण त्या रांगेंत प्रेमानें उभे राहतों, सही घेतों, धन्य होतों. जें हक्कानें मिळावयास हवें होतें तें आपण त्याला दक्षिणा म्हणून देतों, आणि त्याचें वैषम्य आपणांस वाटत नाहीं, उलट कौतुक वाटतें! अशा स्थितींत एखादा लेखक मेजापाशीं बसण्याचें नाकारतो तेव्हां त्याला विक्षिप्त आणि माणूसघाणा ठरविण्यांत येतें. मूर यांच्या लांब दाढीवर आणि मंत्रतंत्राच्या नादावर जितका मजकूर आजवर छापला गेला असेल, त्याच्या दशांशही त्यांच्या करारावर छापला गेला असेल काय, याची मला शंका आहे.

माझ्या विरुद्ध डिकन्सचा दाखला निघेल. मीच वर्गांत तो देत आलों आहें. स्वतःच्या कादंबऱ्यांतील प्रवेश लोकांपुढें वाचून दाखविण्याचा त्याला केवढा छंद! १८६७-६८ च्या अमेरिकेच्या दौऱ्यांत त्यानें सुमारें १९,००० पौंड मिळविले. टाळ्यांवांचून त्याला करमत नसे, हेंही खरें. पण १८७० च्या मार्चांत शेवटचें वाचन करून तो मंचावरून उतरला आणि जूनमध्यें गेला. या दौऱ्यांनीं त्याची प्रकृति पोखरली होती हें त्याचे चरित्रकार सांगतात. हातांतली कादंबरी अर्धी राहिली. शिवाय, आणि हा फरक विसरतां कामा नये, डिकन्स स्वखुशीनें बोलत होता. त्याच्या पुस्तकांची मालकी कोणी त्याच्या हातांतून काढून घेतली नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मूर यांनीं करारावर सही केली ती सज्ञान वयांत, डोळे उघडे ठेवून. मग आतां रडणें कशाला? हें म्हणणें कायद्याला धरून आहे. मात्र ज्या बाजारांत दोन-तीनच मोठे प्रकाशक आहेत आणि सर्वांचे करार एकाच सांच्याचे आहेत, तेथें पंचविशी-तिशीच्या तरुणाची 'खुशी' कितपत खुली असते, हें आक्षेप घेणारानें आपल्या पहिल्या नोकरीचा दिवस आठवून ठरवावें. मूर यांचा राग कित्येकदां अतिरेकाला जातो, ज्या सहकाऱ्यांनीं तडजोड केली त्यांच्याविषयीं ते कठोर बोलतात, हेंही मी मान्य करतों. राग न्याय्य असला म्हणजे त्याचा प्रत्येक शब्द न्याय्य होतो असें नाहीं.

ही परदेशची कहाणी म्हणून सोडून देण्याजोगी नाहीं. १९६७ सालीं अनंत पै यांनीं मुंबईंत 'अमर चित्रकथा' काढली. आमच्या मध्यमवर्गीय घरांतील दोन पिढ्यांनीं कृष्ण, कर्ण, शिवाजी यांचे चेहरे त्या पातळ पुस्तकांत प्रथम पाहिले. पै यांचें नांव घरोघर झालें, आणि तें योग्यच झालें. पण राम वाईरकर, प्रताप मुळीक या चित्रकारांचीं नांवें किती घरांत ठाऊक आहेत? मीं माझ्याच घरीं विचारून पाहिलें. कृष्णाचा तो सांवळा निळा चेहरा सर्वांना आठवला. काढणाराचें नांव एकालाही सांगतां आलें नाहीं, आणि त्या 'सर्वांत' पंधरा वर्षांपूर्वींचा मीही धरला पाहिजे.

या लेखाला एक निकटचें कारणही घडलें. माझी एक जुनी विद्यार्थिनी अद्भुत चित्रकथा लिहिते आणि चित्रेंही स्वतःच काढते. गेल्या दिवाळीनंतर ती एका प्रकाशनसंस्थेचा करार घेऊन घरीं आली. "सर, एवढें वाचून सांगा ना, सही करूं कीं नको?" मीं वाचला. एक रकमी मोबदला. आणि त्याच्या बदल्यांत पात्रांचे, कथेचे व चित्रांचे सर्व हक्क, सर्व देशांत, कायमचे, व 'पुढें शोध लागतील त्या सर्व माध्यमांत'. मी कायद्याचा माणूस नव्हें. तरी १९५७ चा आमचा कॉपीराइटचा कायदा काढून बसलों. हक्कांचें हस्तांतर लेखीच असलें पाहिजे. मुदत लिहिलेली नसल्यास तें पांच वर्षांचें समजावें. प्रदेश लिहिलेला नसल्यास तो भारतापुरताच समजावा. घेणारानें वर्षभरांत हक्क वापरला नाहीं, तर वेगळें ठरलेलें नसल्यास तो सुटतो. आणि हक्क विकले तरी कृतीवर आपलें नांव सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनें आणखी एक गोष्ट घातली: करारकालीं जें माध्यम अस्तित्वांत नव्हतें त्यासाठीं, त्याचा करारांत स्पष्ट निर्देश नसेल तर, हस्तांतर लागू होत नाहीं. तरतुदी चांगल्या आहेत. परंतु मुदत आणि प्रदेश यांविषयींच्या संरक्षणांतली मेख अशी कीं 'कायमचे' आणि 'सर्व देशांत' एवढे दोन शब्द लिहिले कीं तीं गळून पडतात, आणि ते शब्द लिहिण्यास कोणी चुकत नाहीं.

मीं तिला सांगितलें, "अगं, मुदत दहा वर्षें कर, पात्रांचे हक्क स्वतःकडे ठेव, आणि हें सर्व एखाद्या वकिलाला दाखव." तिनें तसें केलें व दुरुस्त मसुदा परत पाठविला. त्याला तीन महिने झाले, उत्तर नाहीं. मध्यंतरीं मात्र त्याच संस्थेकडून तिला एक आमंत्रण आलें. येत्या संमेलनांत दोन दिवस मेजापाशीं बसून वाचकांस दर्शन द्यावें, सह्या कराव्यात. प्रवासखर्च ज्याचा त्यानें करावयाचा. जावें कीं न जावें, हें तिनें मला अद्याप विचारलेलें नाहीं.