वारं नव्हे, सिकल!

साथींनो, लकवा हा म्हाताऱ्यांचाच रोग, हे आपल्याला कोणी शिकवलं? वाढलेला रक्तदाब, साखर, बिघडलेलं हृदय, विडी, खर्रा ही लकव्याची कारणं खरीच. आपल्या वस्तीत ती ढिगानं आहेत. चाळिशीतला हमाल तोंड वाकडं होऊन पडतो तो त्यांच्यामुळंच. पण सहा वर्षांचं पोट्टं खेळता खेळता पडतं, एक हात लुळा होतो, जीभ लडबडते, तेव्हा? तेव्हा वस्ती म्हणते, वारं गेलं अंगावरून. अंगारा लावा, भगत बोलवा. वारं कसलं घेऊन बसलात? त्याच्या रक्तात सिकल असू शकतो!

सिकल म्हणजे विळा. गोल रक्तपेशी विळ्यासारखी वाकते, ताठरते, बारीक शिरेत अडकते. म्हणून हाडं ठणकतात. मेंदूकडं जाणारी मोठी रक्तवाहिनीही आतून अरुंद होत जाते आणि एक दिवस रक्तच थांबतं. आईबाप दोघंही वाहक, म्हणजे एएस, असले तर दर बाळंतपणात एसएस पोर जन्मण्याची शक्यता चारात एक. अमेरिकेत मोजलं तेव्हा शंभरातल्या ११ एसएस पोरांना विशीच्या आत लकवा गाठत होता. वऱ्हाडातला आकडा सरकारनं छापावा.

हे रक्त मेळघाटातल्या कोरकूंत आहे, तसंच विदर्भातल्या बौद्धांतही आहे. लगेच एखादा पांढरपेशा म्हणेल, यांचं रक्तच खराब. थोबाड बंद कर! वाहकाला हिवतापापासून वाचवणारा हा बदल आहे. म्हणून तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्येही आहे. रोग जातीनं दिला नाही. पण वाहकाची गाठ वाहकाशीच घालायचं काम जातीनं केलं. जातीतल्या जातीत लग्न हाच जातीचा गाभा, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात मांडलं. ते कुंपण आता लेकरांच्या मेंदूपर्यंत पोचलंय.

आणि उपाय नाही असं कोणी सांगितलं तर ते खोटं. डॉपलर यंत्र डोक्याला लावून मेंदूच्या रक्तवाहिनीतला वेग मोजतात. सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा जास्त निघाला की धोका. १९९८ साली अमेरिकेत अशा १३० पोरांवरच्या चाचणीचा निकाल आला : नेहमीच्या उपचारात ११ पोरांना झटका, नियमित रक्त दिलेल्यांत एकालाच. हायड्रॉक्सियुरियाचं औषधही आहे. नायजेरियात ते वापरून लकवा टाळतात. मग आमच्याकडं काऊन नाही?

विचारा अमरावतीच्या इर्विनला, विचारा अकोल्याच्या सर्वोपचारला : किती एसएस पोरांच्या डोक्याची डॉपलर केली? किती जणांना वेळेवर रक्त मिळालं? आकडा भिंतीवर लावा! १ जुलै २०२३ रोजी शहडोलला पंतप्रधानांनी सिकल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. ७ कोटी माणसं तपासायची, तीही आदिवासी भागातली. आदिवासी भावांची तपासणी झालीच पाहिजे, एकही पाडा सुटता कामा नये. पण फ्रेजरपुऱ्यातलं, अकोट फैलातलं एसएस पोट्टं कोणाच्या यादीत बसवता, तेही सांगा.

१९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून. त्या पँथरांनी नुसत्या डरकाळ्या फोडल्या नाहीत. १९७१ पासून काळ्यांच्या वस्त्यांत त्यांनी सिकलची फुकट तपासणी चालवली. १९७२ मध्ये निक्सनला सिकलच्या कायद्यावर सही करावी लागली. नाव घेतलं, आता सुईही घ्या!

१४ एप्रिलला डीजेच्या भिंतीसाठी वर्गणी निघते, मग बोटातल्या एका थेंबासाठी काऊन निघत नाही? विहाराविहारात तपासणी लावा. संशय आला की पक्की तपासणी करून घ्या. एएस पोरीला खोट लावणाऱ्याला वस्तीत जाब विचारा. एएस म्हणजे आजार नव्हे. आणि पोराचं तोंड वाकडं झालं तर एक मिनिट न दवडता दवाखाना गाठा, दारातच ओरडून सांगा : पोरगं एसएस आहे!

नाही ऐकलं, तर दार सोडू नका.

जय भीम!