वर्ध्याचा ठराव हा सौदा नव्हता

बेचाळीसचा लढा म्हणजे गांधीजींची ‘निगोशिएशन’ची खेळी, असे आजही ठासून सांगितले जाते. हा शब्द एकदा तपासावा. लॅटिनमध्ये ‘ओटियम’ म्हणजे निवांतपणा. त्यास नकार जोडून ‘नेगोटियम’, अर्थात कामधंदा. रोमन प्रांतांत व्यापार व सावकारी करणारा तो ‘नेगोटियातोर’. शब्द मुळात पेढीवरचा. (व्यापारी कंपनी म्हणून आलेल्यांना तो जवळचा वाटावा, यात नवल नाही!)

पेढीवर भाव कमी-जास्त होतो. १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने केलेल्या ठरावात ब्रिटिश सत्तेचे जाणे ही तशी बाब नव्हतीच. त्यावर वाटाघाटींना जागा उरलेली नाही, असे गांधीजींनी तेथेच पत्रकारांना सांगितले. आधी सत्ता सोडा, मग स्वतंत्र भारत व ब्रिटन यांचे प्रतिनिधी पुढील संबंधांवर बोलतील, हा ठरावातील क्रम होता. जपानी आक्रमणाच्या प्रतिकारार्थ दोस्त सैन्य येथे राहू देण्याची तयारीही त्यातच लिहिलेली होती. सौदेबाज आपल्या हातचे पान असे आधीच उघडे करीत नाही.

८ ऑगस्टला मुंबईत गांधीजी व्हाइसरॉयला भेटण्याविषयी बोलले, हा आक्षेप येतोच. पण पूर्ण स्वातंत्र्याहून कमी काही चालणार नाही, हेही त्याच भाषणात होते. ती भेट झालीच नाही. ९ ऑगस्टच्या पहाटे सरकारने त्यांना अटक केली.