विश्लेषण : मोठे ब्रँड पाठीशी असूनही ‘रिन्यूसेल’ दिवाळखोरीत का गेली?

जुन्या सुती कपड्यांपासून पुन्हा नवे कापड बनवता येते, हे स्वीडनच्या ‘रिन्यूसेल’ने दाखवून दिले. ‘एच अँड एम’ने तिच्यात पैसे गुंतवले होते. २०२२ मध्ये सुंद्सवाल येथे वर्षाला ६० हजार टन क्षमतेचा कारखाना सुरू झाला. मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. माल तयार होत होता, मग अडले कुठे?

कंपनी काय बनवत होती?

२०१२ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी टाकाऊ सुती कपड्यांतील सेल्युलोजपासून ‘सर्क्युलोज’ नावाचा लगदा तयार करत असे. व्हिस्कोस, म्हणजेच रेयॉन, बनवण्यासाठी एरवी लाकडाचा लगदा लागतो. त्याची जागा सर्क्युलोज घेऊ शकतो.

खरा ग्राहक कोण?

कपड्यांचे ब्रँड सहसा लगदा विकत घेत नाहीत. तो घेतात तंतू बनवणारे कारखाने. पुढे सूतगिरणी, विणकाम, रंगाई, शिलाई आणि सर्वांत शेवटी ब्रँड. ब्रँडने ‘आम्ही वापरू’ म्हटले, तरी लगद्याची ऑर्डर तंतू कारखान्याकडूनच यावी लागते. पण लाकडाच्या लगद्यापेक्षा महाग माल त्याने कुणाच्या भरवशावर भरायचा? शिवाय वाढीव किमतीवर प्रत्येक टप्प्यात नफा चढतो आणि शेवटचा कपडा आणखी महागतो. सर्क्युलोजची मागणी अपेक्षेपेक्षा खूपच कमी राहिली. मोठ्या कारखान्याचा खर्च मात्र थांबत नाही.

अशा स्टार्टअपची अडचण वेगळी कशी?

अ‍ॅपमधली चूक रातोरात सुधारता येते. नवा पदार्थ मात्र आधी ग्राहकाच्या यंत्रावर चालवून पाहावा लागतो. धागा तुटतो का, रंग नीट धरतो का, प्रत्येक खेप सारखी येते का, हे तपासण्यात महिनोन्‌महिने जातात. म्हणूनच इरादापत्र म्हणजे ऑर्डर नव्हे.

पुढे काय झाले?

जून २०२४ मध्ये ‘अल्टोर’ या गुंतवणूक कंपनीने रिन्यूसेलचा व्यवसाय विकत घेतला. ‘सर्क्युलोज’ हेच आता कंपनीचे नाव आहे आणि ब्रँडशी थेट करार करण्यावर तिचा भर आहे.

नवा पदार्थ घेऊन बाजारात उतरणाऱ्या प्रत्येकासाठी यातला धडा साधा आहे. किती टन, कोणत्या दराने, किती वर्षे आणि वाढीव किंमत कोण सोसणार, हे कारखान्याची पायाभरणी करण्याआधीच कागदावर हवे.