जिरेनियमची मर : फवाऱ्याआधी छाटा पाहावा

जिरेनियमच्या झाडाने मान टाकली की शेतकऱ्याचा हात प्रथम फवारणीच्या पंपाकडे जातो. झाड घरापुढील कुंडीतले शोभेचे असो वा सुवासिक तेलासाठी शेतात लावलेले असो, दोन्ही पेलार्गोनियम या एकाच प्रजातीतील आहेत आणि दोहोंची वाढ प्रामुख्याने छाट्यांपासून केली जाते. या झाडाचे जे रोग खरोखर प्राणघातक आहेत, ते छाट्यातून, मातीतून अथवा साचलेल्या पाण्यातून येतात. पानांवर औषध शिंपडून ते हटत नाहीत. पंपावरचा खर्च मात्र होऊन जातो.

पानांवरील काही तक्रारी किरकोळ असतात. पांढरी माशी व मावा यांना पाच टक्के निंबोळी अर्क बहुधा पुरतो. पानाच्या खालच्या बाजूस तपकिरी भुकटीची वर्तुळे दिसली तर तो तांबेरा होय. अशी पाने तोडून जाळावीत आणि पाणी झाडाच्या बुडाशी द्यावे, पानांवर पडू देऊ नये. कुंडीतील वेलीसारख्या जिरेनियमच्या पानांखाली बुचासारखे खरबरीत फोड येतात. तो रोगच नव्हे. पाणी अधिक झाल्याची ती खूण आहे. तरीही त्यावर औषधे मारणारे कमी नाहीत.

खरी हानी मर रोगाने होते, आणि मर एका प्रकारची नसते. जमिनीत ओल असूनही झाड सुकत असेल तर ते उपटून पाहावे. खोडाचा बुंधा काळा व ओलसर पडला असेल आणि मुळे कुजली असतील तर निचरा नाही असे समजावे. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमीचा उपद्रव आहे. पानांच्या कडेपासून आत शिरणारे पिवळे त्रिकोणी पट्टे, बारीक खोलगट ठिपके आणि आतून तपकिरी झालेले खोड ही जिवाणूजन्य करप्याची लक्षणे आहेत. खोडाचा ताजा तुकडा स्वच्छ पाण्याच्या पेल्यात उभा धरला असता त्यातून दुधासारखे धागे उतरले, तर रोग जिवाणूंचा आहे याविषयी फारशी शंका उरत नाही. ही परीक्षा ग्रामसेवकाला बांधावर उभ्याउभ्या करता येते. जिवाणूजन्य रोगाला औषध नाही. झाड मुळासकट काढून जाळावे. ज्या जमिनीत टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा मर लागून गेला असेल, तेथे जिरेनियम लावू नये.

छाट्यातून रोग किती दूर जातो याचे उदाहरण परदेशात घडले आहे. 2003 साली केनियातून आणि 2020 साली ग्वाटेमालातून अमेरिकेत गेलेल्या जिरेनियममध्ये मरीचे जिवाणू सापडले. तेथील काचगृहांतील पुष्कळ रोपे त्यापायी नष्ट करावी लागली. विलगीकरणाची कडक व्यवस्था असलेल्या देशाची ही गोष्ट. आपल्याकडे रोपे विकली जाताना तेलाच्या भावाची चर्चा भरपूर होते. मातृरोपांच्या प्रकृतीची विचारपूस क्वचितच कोणी करतो. स्वस्त मिळाली म्हणून रोपे आणणाऱ्याने दोष पुढे हवामानाला देऊ नये. मर लागलेल्या प्लॉटातील हिरव्या राहिलेल्या झाडांचे छाटे शेजाऱ्याला देणे हा तर उपकार नव्हे, अपकारच होय.

जिरेनियमला आपला पावसाळा सोसत नाही. म्हणून मातृरोपे उंच गादीवाफ्यावर, प्लॅस्टिकच्या साध्या छपराखाली पण चारही बाजूंनी हवा खेळेल अशी जपावीत. छाटे घेण्यापूर्वी शेतकऱ्याने ग्रामसेवकासह विक्रेत्याचा मातृप्लॉट स्वतः पाहावा. दोन-चार रोपे उपटून मुळे पाहू देण्यास जो नकार देईल, त्याच्याकडून खरेदी करू नये. एका झाडाचे छाटे घेऊन झाले की चाकू स्पिरिटने पुसून मगच दुसऱ्या झाडाला लावावा. आणलेली रोपे मुख्य शेतात लावण्याआधी तीन आठवडे वेगळ्या वाफ्यात ठेवावीत आणि त्या वाफ्याचे पाणी शेताकडे वाहू देऊ नये.