चेन्नईच्या किनाऱ्यावरून मराठी वाङ्मयेतिहासाकडे

एका सत्रापुरता अभ्यागत प्राध्यापक म्हणून चेन्नईस राहण्याचा योग नुकताच आला. बंदराच्या गावी नवखा माणूस प्रथम समुद्राकडे वळतो, त्याप्रमाणे मीही पहिल्याच आठवड्यात जॉर्ज टाउन, सेंट जॉर्जचा किल्ला आणि बंदराचा परिसर पायी हिंडून घेतला. या शहराच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. निसर्गाने येथे बंदर दिलेलेच नव्हते. १६३९ साली ईस्ट इंडिया कंपनीला नायकांकडून ही वाळूची पट्टी मिळाली. त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ जहाजे दूर खोल पाण्यात उभी राहत, आणि माणसे व माल काथ्याने शिवलेल्या मसुला होड्यांतून, फुटत्या लाटा ओलांडून किनाऱ्यास लागत. कृत्रिम बंदर उभे राहिले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. सोय नसतानाही येथे माणसे उतरत राहिली, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या भाषाही.

मराठी प्रवासी येथे आला की तंबु चेट्टी रस्त्यावरील काळिकांबाळ देवालयाची चौकशी करतो. १६७७ च्या ऑक्टोबरात, दक्षिण दिग्विजयाच्या प्रसंगी, शिवाजी महाराजांनी या देवीचे दर्शन घेतले अशी परंपरा आहे. त्याच वर्षी महाराजांकडून किल्ल्यातील इंग्रजांकडे विषावरील उताऱ्याच्या औषधांची मागणी आली, ती त्यांनी पुरविली, आणि पुढे कुशल कारागिरांची मागणी आली ती त्यांनी गोड शब्दांत टाळली, ही हकीकत कंपनीच्या दप्तरात नमूद आहे. प्रवासी देवीला नमस्कार करतो, अभिमानाने ऊर भरून घेतो आणि महाबलीपुरमची मोटार पकडतो. त्याच्या भक्तीविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्या जिज्ञासेविषयी. दक्षिणेतील मराठ्यांसंबंधीची ही जिज्ञासा तलवारीपाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते.

वास्तविक तलवारीचा भाग अल्पकाळाचा आहे. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरची गादी घेतली आणि १८५५ मध्ये ते राज्य खालसा झाले. या सुमारे पावणेदोनशे वर्षांत प्रत्यक्ष राजकीय बळ क्रमाने क्षीण होत गेले. वाढत गेले ते वाङ्मय, संगीत आणि ग्रंथसंग्रह. मद्रासचा या कथेशी संबंध आनुषंगिक नाही. दुसरे सरफोजीराजे गादीच्या वादात तंजावराहून दूर नेले गेले ते येथेच, आणि १७९८ मध्ये गादीवर बसण्यापूर्वी त्यांचे शिक्षण काही काळ येथेच झाले. याच राजांनी तंजावरास छापखाना उभारला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात इसापनीतीचे मराठी भाषांतर देवनागरीत छापविले. बृहदीश्वराच्या देवालयात भोसले वंशाचा इतिहास सांगणारा प्रचंड मराठी शिलालेख त्यांनी १८०३ मध्ये कोरविला. राज्य गेल्यावर कारकुनी, वकिली आणि दिवाणगिरीच्या वाटेने अनेक घराणी मद्रासेस आली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे त्यांतलेच. कुंभकोणात जन्मलेला आणि मद्रासेस इंग्रजी शिकलेला हा मराठी गृहस्थ १८७५ मध्ये बडोद्याच्या मराठी दरबारात कारभारी म्हणून गेला, तेव्हा एक वर्तुळ पुरे झाले असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि माझा मुख्य मुद्दा व्यक्तींचा नाही, वाङ्मयेतिहासाच्या रचनेचा आहे. शहाजीराजे (राज्यकाल १६८४ ते १७१२) यांच्या नावावर ‘पंचभाषाविलास’ नावाचे एक नाटक आहे. त्यात निरनिराळ्या देशांच्या राजकन्या येतात, प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलते, आणि तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी व संस्कृत अशा पाच भाषा एकाच रंगभूमीवर नांदतात. हे नाटक कोणत्या वाङ्मयाच्या इतिहासात घालावयाचे? मराठीच्या इतिहासकाराला त्यातील पाचवा हिस्सा आपला वाटतो, तमिळच्या इतिहासकाराला दुसरा पाचवा. पाचांची बेरीज मात्र कोणाच्याच वहीत होत नाही. सरफोजीराजांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’ची गतही अशीच. कुरवंजी हा अस्सल तमिळ नाट्यप्रकार. त्यातील भविष्य सांगणाऱ्या कुरत्तीच्या तोंडी राजांनी मराठी घातली, आणि त्या मराठीतून नव्या युरोपीय विद्येने शिकविलेला पृथ्वीचा भूगोल वदविला. साचा तमिळ, भाषा मराठी, ज्ञान पश्चिमेचे: तौलनिक साहित्याच्या वर्गात याहून नेमका पाठ मला माहीत नाही. आणि तरीही वीस वर्षे हा विषय शिकविताना मी तो एकदाही शिकविला नव्हता, हे येथे कबूल केले पाहिजे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. तंजावरची नाटके महाराष्ट्रापर्यंत पोहोचलीच नाहीत. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस ‘सीतास्वयंवर’ सादर केले तेव्हा त्यांच्यापुढे तंजावर नव्हते. परंपरा म्हणजे सातत्य. जेथे सातत्य नाही तेथे परंपरा कशी मानावयाची? आक्षेपातील वस्तुस्थिती मला मान्य आहे. आद्य मराठी नाटक कोणते हा वादही मला गौण वाटतो. पहिलेपणाच्या शर्यतीत वाङ्मयाचे काही साधत नाही. परंतु दोन गोष्टी विसरता येत नाहीत. भाव्यांना प्रेरणा झाली ती सांगलीस आलेल्या कर्नाटकी भागवत मंडळींच्या खेळावरून. म्हणजे मराठी रंगभूमीचा जो उगम आपण निर्विवाद मानतो, त्याचेही पाणी दक्षिणेकडूनच आलेले आहे. दुसरी गोष्ट अशी की, सातत्य आपण फक्त मराठीत शोधतो म्हणून ते सापडत नाही. ते आहे, पण तमिळमध्ये आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्र मोरगावकर बुवा यांची कीर्तने तंजावरास झाली आणि तेथील रसिकांना त्यांनी वेड लावले. तंजावूर कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांनी त्या मराठी कीर्तनाचा घाट घेतला, त्यात कर्नाटक संगीत आणि तमिळ पदे बसविली आणि आजची तमिळ हरिकथा सिद्ध केली. पुढे मद्रासच्या सी. सरस्वतीबाईंसारख्या विदुषीने स्त्रियांसाठी ते व्यासपीठ खुले केले. मार्गळी महिन्यातील एका संध्याकाळी मैलापुरातील एका सभेत मी हरिकथा ऐकावयास बसलो होतो. तमिळ मला तुटपुंजे कळते. परंतु कथेच्या ओघात साकी आली, दिंडी आली, ओवीची चाल आली, आणि शेजारच्या गृहस्थांनी मला, परक्याला समजावून सांगावे तशा सौजन्याने, “ही दिंडी, हरिकथेतला आमचा एक जुना छंद” अशी माहिती दिली. क्षणभर माझ्या तोंडावर आले की महाशय, हा छंद आमचा. मी बोललो नाही ते बरे झाले. दीड शतक ज्यांनी तो गायिला, जपला आणि मुलींना शिकविला, त्यांचा तो का नव्हे?

हा संयम मला दुसऱ्या ठिकाणी मात्र राहिला नाही. मैलापुरातच एका जुन्या तंजावरी कुटुंबात मला आग्रहाने जेवावयास बोलाविले होते. घरातील वृद्ध आजींनी देवापुढे आरत्या म्हटल्या आणि मग मला त्यांची वही दाखविली. आरत्या मराठी, लिपी तमिळ. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर. त्यामुळे कित्येक शब्दांचे उच्चार पिढ्यांच्या ओघात बदललेले. मी नकळत एक शब्द सुधारला, मग दुसरा, मग तिसरा. आजींनी वही हळूच मिटली आणि म्हणाल्या, “तुमची मराठी पुस्तकातली हो, मास्तर. आमची आईकडून आलेली.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, मला मात्र पुढचा घास जड गेला. निघताना त्यांनी हातावर दही-साखर घातली आणि “आपली भाषा बोलायला पुन्हा या,” म्हणाल्या.

परतताना मी ‘आपली’ या शब्दाचा विचार करीत होतो. ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेऊन ‘आपण’, हा भेद संस्कृतात नाही. तो मराठीत आहे, गुजरातीत आहे, आणि तमिळमध्ये ‘नांगळ’ व ‘नाम’ असा आहे. भाषाभ्यासक त्याकडे द्राविडी सान्निध्याची खूण म्हणून पाहतात. म्हणजे मराठी माणसाला ‘आपण’ म्हणता येते ते कदाचित दक्षिणेच्या शेजारामुळे. त्या आजींनी मला ‘आपण’मध्ये घेतले होते, मी मात्र वहीवर बोट ठेवून ‘आम्ही’ म्हणत होतो. आपला वाङ्मयेतिहासही बव्हंशी ‘आम्ही’चा इतिहास आहे. तंजावर त्यात येते ते परिशिष्टात, ‘बृहन्महाराष्ट्र’ या मथळ्याखाली, दूर गेलेल्या भावंडाची ख्यालीखुशाली विचारावी तसे.

यावर उपाय भावनेचे नाहीत, कष्टाचे आहेत. पहिला, लिपीचा. कर्नल मॅकेन्झीच्या संग्रहातील मराठी कागद ज्यात आहेत ते चेन्नईचे शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालय १८६९ पासून उभे आहे. तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. ते वाचणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मोडी ऐच्छिक नव्हे, आवश्यक असावी. दुसरा, भाषेचा. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने मराठेकालीन मोडी कागदपत्रांचे तमिळ भाषांतर १९८९ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध केले. मराठी कागद आज मराठी अभ्यासकाला तमिळमधून वाचावे लागतील, अशी ही स्थिती आहे. यात लाजण्याजोगे काही असेल तर ते आपले तमिळचे अज्ञान. प्रस्तुत लेखकाने चाळिशी उलटल्यावर तमिळ मुळाक्षरे गिरविण्यास आरंभ केला आहे. तरुण संशोधकांनी इतका उशीर करू नये. तिसरा उपाय घरांतील वह्यांचा. त्या जशा आहेत तशा, उच्चारांसह, कोणत्याही दुरुस्तीवाचून ध्वनिमुद्रित झाल्या पाहिजेत. ज्यांना त्या तोंडपाठ आहेत त्यांची वये लक्षात घेता हे काम पुढील पिढीवर सोपविता येणार नाही.

आणि एक विनंती आपल्या या नियतकालिकालाच. भारतीय भाषांच्या नावाने निघणाऱ्या या अंकाचेही भाषावार विभाग पाडलेले आहेत. छपाईच्या सोयीसाठी ते योग्यच आहेत. परंतु ‘पंचभाषाविलासा’वर उद्या कोणी लेख पाठविला, तर तो कोणत्या विभागात छापावयाचा, याचे उत्तर संपादकांनी आजच शोधून ठेवावे. मी पुढील सुटीत पुन्हा मैलापुरास जाणार आहे. या वेळी लेखणी खिशात ठेवून, केवळ ऐकावयास.